सरकार पडलं

पहाटे साडेपाचच्या सुमाराला घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला : "सरकार पडलं." डिसेंबरचा महिना, नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलेलं, आणि अलीकडच्या महाराष्ट्राचा अनुभव असा की मोठ्या राजकीय गोष्टी पहाटेच उरकल्या जातात. निम्म्या नातेवाइकांनी टीव्ही लावला. अमरावतीच्या आत्यांनी "कोण फुटलं?" असं विचारलं. पुण्याच्या भाच्यानं लिहिलं, "मला कालच कुणकुण लागली होती." थोड्या वेळानं भाऊंनी फोटो टाकला. त्यात मागचा एक पाय अधांतरी धरून उभं असलेलं तांबडं शिंगरू दिसत होतं. मग सगळ्यांना आठवलं की भाऊंनी घोड्याचं नाव 'सरकार' ठेवलंय. पुण्याच्या भाच्यानं आपला मेसेज खोडला.

भाऊ म्हणजे माझे मामेभाऊ. बँकेतून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून माणसं बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट घेतात, चारधाम करतात. भाऊंनी काटोल रोडला फेटरीच्या पुढं दोन एकर घेतलं आणि लगेचच्या दत्तजयंतीला सारंगखेडा गाठलं. नंदुरबार जिल्ह्यातली, तापीकाठची ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर नावाजलेली. तिथून ते आईचं दूध नुकतंच तुटलेलं शिंगरू घेऊन आले. पंचकल्याणी, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. विकणाऱ्यानं अंगावरचा एकेक भोवरा बोटानं दाखवून त्याचं फळ सांगितलं होतं : हा धनाचा, हा यशाचा. भाऊंनी जन्मवेळ विचारून घेतली आणि इकडे येऊन शिंगराची पत्रिका करवली. काटेरी तारेच्या कुंपणाबद्दल ना भोवऱ्यांनी काही सुचवलं, ना पत्रिकेनं.

झालं ते असं. भाऊंच्या शेताला लागून एक लॉन आहे. लॉन म्हणजे नागपुरात हिरवळ नव्हे. जिथं दोन हजार माणसं पनीर खातात ती जागा. त्या रात्री तिथं वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. नवरदेवाचा घोडा माळेशेजारी निवांत उभा होता, कारण त्याला धंद्याची सवय. आमचं सरकार मात्र उधळलं ते थेट कुंपणात. डावा मागचा पाय तारेत अडकला, ओढला, आणि नळीवरची कातडी वीतभर सोलून लोंबू लागली.

घोड्याच्या पायाची रचना ज्यानं केली त्याच्याजवळ मांस संपलं असावं. पुढं गुडघ्याच्या आणि मागं घोट्याच्या खाली फक्त हाड, शिरा, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि वर ताणून बसवलेली कातडी. रक्त कमी पोचतं, कातडीला ओढून घ्यायला जागा नाही, आणि या चार काठ्यांवर तीन-चार क्विंटलचा ऐवज पळतो. मांडीला जखम झाली तर घोडा महिन्याभरात विसरतो. तीच जखम वीतभर खाली झाली की मालकाला जन्मभर लक्षात राहते. सरकारनं नेमकी जागा निवडली होती.

सकाळी सातपर्यंत शेतावर बरीच मंडळी जमली. घोड्याविषयी आपल्याकडे कुणालाच काही ठाऊक नसतं, त्यामुळे सगळ्यांना बोलता येतं. आजीनं हळद-तेल सांगितलं. शेजारच्या पाटलांनी चुना सांगितला. एकानं नजर काढायला मिरच्या मागवल्या. "लॉनवाल्याले धरा, त्याच्याकडून वसूल करा," असं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती, फक्त लॉनवाल्याकडे जायला कुणी उठलं नाही. माझ्या शेजारी उभा असलेला एक दूरचा भाचा हळूच म्हणाला, "घोड्याचा पाय गेला म्हणजे गोळी घालतात ना?" वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाचे कप गोळा करायला लागला.

शेवटी वहिनींनीच १९६२ हा नंबर लावला. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा हा फुकटचा क्रमांक आहे, हे ग्रुपवरच्या विद्वानांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. गाडी आली. डॉक्टर वयानं लहान, पण शांत. त्यांनी जखम धुतली, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "धनुर्वाताची लस कधी दिली होती?"

भाऊंना सरकारचं नक्षत्र माहीत होतं, चरण माहीत होतं. लस माहीत नव्हती.

पाळीव जनावरांत धनुर्वात सगळ्यात जास्त बाधतो तो घोड्याला. त्याचे जंतू मातीत असतात आणि घोड्याच्या लिदीतही असतात, म्हणजे तबेल्यात त्यांचं माहेर. गंमत अशी की उतारही घोड्याकडेच. १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो या दोघांनी धनुर्वाताचं प्रतिविष दाखवलं, आणि पुढं अशी प्रतिविषं घोड्याच्या रक्तातून काढायची रीत पडली. आपल्याकडे सापाच्या विषावरची लस अशीच तयार होते. हाफकिन संस्थेचे घोडे त्यासाठीच पाळलेले आहेत. धुऱ्यावर साप चावलेला आपला शेतकरी वाचतो तो कुठल्याशा घोड्याच्या रक्तावर. डॉक्टरांनी हे सुई भरता भरता सांगितलं. भाऊ गहिवरले. मग डॉक्टर म्हणाले, "सांध्यापर्यंत गेलंय का ते इथं कळणार नाही, काका. सेमिनरी हिल्सला न्या."

आता दोन क्विंटलचं, तीन पायांवर उभं असलेलं आणि रात्रीपासून माणसांवरचा विश्वास उडालेलं जनावर शहरात न्यायचं कसं? घोड्यांसाठीची खास गाडी शर्यतीच्या घोड्यांना मिळते, आणि ते असतात मुंबई-पुण्याला. आम्हाला मिळाला छोटा हत्ती. मागं कुटाराचा जाड थर टाकला, गाडी धुऱ्याच्या उंचवट्याला लावली आणि हरभऱ्याचं घमेलं पुढं धरून सरकारला आत घेतलं. अशा रीतीनं आमचा घोडा हत्तीवर बसून निघाला. भाऊ मागं त्याच्या मानेशी. मी पुढं, ड्रायव्हरशेजारी, सलाईनची बाटली मांडीवर घेऊन.

अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात गाडी घालणं हे धाडस आहे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. काटोल नाक्याच्या अलीकडे हवालदारानं काठी आडवी केली.

"काय होय ना मांगं?"

"घोडा होय," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं नेऊन राह्यले?"

"दवाखान्यात. पाय कापला जी त्याचा."

हवालदार मागं गेला. भाऊ त्या वेळी घोड्याच्या कानाशी लागून कळवळून म्हणत होते, "सरकार, थोडी कळ काढा. सरकार, पडू नका."

हवालदारानं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मोर्च्याचे होय का तुम्ही?" त्याला वाटलं हा आंदोलनाचा एखादा नवा प्रकार आहे. तसं वाटण्यात त्याची चूक नव्हती; अधिवेशनाला लोक काय काय घेऊन येतात ते नागपूर पोलिसांना विचारा. पट्टीतून झिरपलेलं रक्त पाहिलं तेव्हा त्यानं काठी काढली आणि पुढच्या चौकातल्या माणसाला ओरडून सांगितलं, "सरकार येऊन राह्यलं, सोड!" मंत्र्याच्या गाडीलाही एवढ्या झटपट वाट मिळाली नसती.

सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचं. तिथल्या चिकित्सालयात गाई, म्हशी, बकऱ्या आणि मोठ्या संख्येनं लॅब्रॅडोर येतात. घोडा आला म्हटल्यावर विद्यार्थ्यांचा घोळका धावत आला. त्यालाही कारण आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टू होते. २०१९ च्या गणनेत उरले ३.४ लाख. शिकायला घोडा मिळणं हीच त्या मुलांना पर्वणी. सरांनी सांध्याच्या दुसऱ्या बाजूनं, जखमेपासून लांब, सुई घातली आणि निर्जंतुक सलाईन आत सोडलं. सांध्याला भोक पडलेलं असेल तर ते पाणी जखमेतून बाहेर येतं, आणि मग प्रकरण फार वाईट. पंधरा-वीस डोकी त्या जखमेवर वाकलेली. भाऊ डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होते. पाणी बाहेर आलं नाही. "सांधा वाचला," सर म्हणाले. एक्स-रेमध्ये हाडही शाबूत निघालं.

मागून येऊन पोचलेल्या वहिनींनी इथं तोंड उघडलं. "माझ्या गुडघ्याचा एमआरआय मागच्या दिवाळीपासून पुढं ढकलला जातोय," त्या भाऊंना म्हणाल्या, "अन् याचा एक्स-रे अर्ध्या तासात?" भाऊंनी उत्तर दिलं नाही. चिकित्सालयाचं बिल हातात आलं होतं आणि ते इतकं थोडं होतं की त्यांनी ते उलटून मागची बाजूही पाहिली. "बस, इतकंच?" असं त्यांनी आनंदानं विचारलं. कॅश काउंटरवरची बाई अनुभवी असावी. ती म्हणाली, "आमचं इतकंच, काका."

पुढचं आम्हाला औषधाच्या दुकानात कळलं. औषध किलोवर असतं. माणसाला एक गोळी लागते तिथं घोड्याला डबा लागतो. सरकारचं वजन भाऊ वर्षभर अभिमानानं सांगत होते. त्या दिवसापासून ते वजन कमी करून सांगू लागले. बरीचशी औषधं सीताबर्डीत नव्हतीच. घोडेच उरले नाहीत तर त्यांची औषधं कोण ठेवणार? ती पुण्याहून मागवली, कुरिअरचा खर्च वेगळा. आणि पट्ट्या! आत जाळीचा कपडा, त्यावर कापसाचा अख्खा रोल, त्यावर घट्ट पट्टी, त्यावर चिकटपट्टी. हे दिवसाआड सोडायचं आणि नव्यानं बांधायचं. शिवाय धडधाकट उजव्या पायालाही तितकीच पट्टी बांधायची, असं सरांनी बजावलं.

"त्याला काय झालंय?" वहिनी.

"अजून काही नाही. पण सगळा भार आता त्याच्यावर आहे."

हे उगीच नव्हतं. बार्बारो नावाचा अमेरिकन घोडा २००६ ची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांत दुसऱ्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. त्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली, महिनोन् महिने उपचार चालले. पण भार पेलून पेलून बाकीच्या पायांचे खूर आतून सुटत गेले, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला निरोप द्यावा लागला. घोड्याच्या दुखण्यात दुखरा पाय वैद्य बघतो, चांगल्या पायाची काळजी मालकानं करायची असते. भाऊंनी ही हकिकत ऐकल्यापासून ते रात्री बॅटरी घेऊन उजवा खूर चाचपू लागले. वहिनी म्हणाल्या, "माझा उजवा गुडघाही त्याच कारणानं दुखतो, पण मला कोण चाचपतं."

मला या सगळ्यात राहून राहून आपली जुनी मराठी फौज आठवत होती. तिथं स्वार दोन जातीचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिवाजी महाराजांचा ओढा बारगिरांकडे, आणि त्यांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी अन् एक नालबंद नेमलेला असे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार १७४२ पासून दहा वर्षं बंगालवर जात राहिले. तिकडच्या आया अजून पोरांना बर्गी येतील म्हणून झोपवतात. त्या बर्गींची इतकी दहशत का बसली याचं उत्तर इतिहासकार रणनीतीत शोधतात. माझं मत वेगळं आहे : घोडा सरकारचा होता. पाय मोडला तर पागेत नवा. शिलेदाराचं तसं नव्हतं. त्याचा घोडा पडला की त्याचं भांडवल पडलं, म्हणून ऐन लढाईत तो जरा मागं मागं राही अशी तक्रार जुन्या काळापासून आहे. ज्यांनी त्याला भित्रा म्हटलं त्यांनी घोड्याच्या औषधाचं बिल पाहिलेलं नव्हतं. आमचे भाऊ शिलेदार. मनानं मात्र वर्षभर बारगीर होते.

"विमा काढायला पाहिजे होता," असं आता प्रत्येकजण सांगू लागला. म्हणून मी एका एजंटाला विचारलं. त्यानं छान समजावून दिलं. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, डॉक्टरनं किंमत ठरवून द्यायची, हप्ता भरायचा. जनावर मेलं की पैसे.

"आणि जखमी झालं तर?"

"मरते का त्यात?"

"नाही."

"मंग नाही मिळत."

म्हणजे विम्याच्या हिशेबानं सरकारनं जगायचं ठरवून आमचंच नुकसान केलं असतं. कराचाही मामला असाच रंजक आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गाय, म्हैस, बकरी करमुक्त आणि जिवंत घोडा १२ टक्क्यांत. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला. जनावरांच्या दवाखान्याच्या सेवेवर मात्र कर नाही. थोडक्यात, घोडा विकत घेणं ही चैन आणि त्याला बरं करणं हे पुण्य. यात दिल्लीनं पहिल्यांदाच आमच्या वहिनींशी सहमती दाखवली.

जखम भरू लागली तेव्हा नवं संकट आलं. घोड्याच्या पायावरची जखम भरता भरता थांबत नाही. लालभडक मांस वर वर वाढत जातं, कातडीच्याही बाहेर फुगतं, आणि मग कातडी त्यावर चढू शकत नाही. ते कापून सपाट करावं लागतं. त्या वाढलेल्या मांसाला नसा नसतात, त्यामुळे दुखत नाही, पण रक्त भळाभळा येतं. डॉक्टर शेतावर आले, पायाशी बसले आणि कापू लागले. सरकार हरभरे खात उभं होतं. मध्येच त्यानं मान वळवून खाली काय चाललंय ते पाहिलं आणि पुन्हा घमेल्यात तोंड घातलं. धाडकन आवाज आला तो भाऊंचा. त्यांना खाटेवर निजवून आम्ही कांदा हुंगवला. डॉक्टर वर न बघता म्हणाले, "यांना पण धनुर्वाताचं देऊन टाकू का?"

बांधून ठेवलेलं तरणं घोडं आणि सुटीतला मुलगा, दोघांनाही उद्योग लागतो. सरकारनं पट्टी चावायला सुरुवात केली. वरून तिखट चोळा म्हणजे तोंड लावणार नाही, असा उपाय कुणीतरी सांगितला. भाऊंनी घरचा सावजी मसाला चोळला. सरकारनं वास घेतला, वरचा ओठ उलटा करून सगळे दात दाखवले, चार वेळा शिंकलं आणि पट्टीचं टोक खाऊन टाकलं. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं खालूनच बाहेर यावं लागतं, नाहीतर पोटशूळ. ती रात्र भाऊंनी लीद तपासण्यात घालवली. पहाटे ग्रुपवर "पट्टी मिळाली" असा मेसेज पडला आणि त्याला चाळीस अंगठे आले. भाऊंच्या एकसष्टीच्या फोटोलाही इतके आले नव्हते.

वहिनी पहिल्या दिवसापासून वहीत खर्च टिपत होत्या. ती वही मी पाहिली आहे. डॉक्टर या सदराखाली सगळ्यात कमी रक्कम. औषधं बरीच. पट्ट्या औषधांहून जास्त. छोटा हत्ती पट्ट्यांच्या खालोखाल. आणि 'पाहायला आलेले' असं एक स्वतंत्र पान, त्यात दूध, साखर, पोहे, तर्री, एका रविवारी तर दोन डझन संत्री. त्या पानाची बेरीज औषधांच्या बेरजेला लाजवणारी. ज्याचा पाय कापला तो कुटार अन् हरभऱ्यावर भागवत होता. जे बघायला आले त्यांना तर्रीशिवाय चालत नव्हतं.

शिंगराची पूर्ण किंमत औषधपाण्यात कधीच ओलांडली गेली. "विकून टाका" म्हणणारे आता नव्यानं आले. सारंगखेड्याच्या त्याच व्यापाऱ्याला भाऊंनी फोटो पाठवला. त्यानं निम्म्याहून कमी भाव सांगितला आणि वर भोवऱ्यांची नव्यानं तपासणी केली. यशाचा म्हणून सांगितलेला भोवरा त्याच्या म्हणण्यानुसार आता जरा खाली सरकला होता. नागपूरकरांना हे नवीन नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं तेव्हा भोसल्यांच्या पागेतले हत्ती, घोडे, बैल लिलावात असेच कवडीमोलानं गेले. भाऊंनी फोन ठेवला आणि वहिनी म्हणाल्या, "कुठं नाही जात तो. एवढा खर्च मी दुसऱ्याच्या घोड्यावर नाही केला." मांडणी अर्थशास्त्रात बसणारी नाही, पण त्यावर वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

सरकार आता चालतंय, दुडक्या चालीनं पळतंयही. जखमेच्या जागी नवे केस पांढरे आले, त्यामुळे तो मोजा बाकीच्या तिघांपेक्षा वीतभर उंच दिसतो. अजून पाठीवर कुणी बसलेलं नाही. तीन वर्षांचं होईपर्यंत बसायचंही नाही, असं सरांनी सांगितलंय. वहिनींचा एमआरआय झाला. गादी झिजलेली निघाली.

ज्यांच्या दारात घोडा आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाण्याच्या गोष्टी करतंय, त्यांनी एवढं करावं : धनुर्वाताची लस आधी द्यावी, तिची तारीख पत्रिकेच्या मागं लिहावी, काटेरी तार काढून लाकडी दांड्यांचं कुंपण घालावं, आणि १९६२ हा नंबर फोनमध्ये ठेवावा. बघायला येणाऱ्यांना चहा द्यावा. पोहे देऊ नयेत.